मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी कोथरूडला माझ्याकडे कॉलेजची चारपाच मुलं गणित घेऊन बसतात. मुलं दरवर्षी नवी, चुका मात्र त्याच, म्हणून एकदा लिहूनच काढतोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मोठी संख्या एक्सेलमध्ये टाकणे. मागच्या वर्षी एफवायचा एक मुलगा सोळा एकांची संख्या घेऊन आला, ११११११११११११११११. दोन संध्याकाळी बसून पानभर गुणधर्म काढलेले: सम आहे, १० ने भाग जातो, अंकांची बेरीज १५ म्हणून ३ नेही जातो, २५६ विभाजक, वर हर्षद संख्यासुद्धा आहे, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी (हे नाव गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलं, आपल्या फर्ग्युसनचेच विद्यार्थी). म्हटलं अरे, शेवटी १ असलेली संख्या सम कशी होईल? तो म्हणाला, काका, शीटमध्ये शेवटी शून्यच आहे. आणि खरंच होतं, कारण एक्सेल पंधराच अंक धरतं आणि सोळाव्याच्या जागी गुपचूप शून्य ठेवतं. त्याचं गणित कुठेच चुकलं नव्हतं, फक्त ते दुसऱ्याच संख्येचं होतं, त्यामुळे सगळं एकमेकांशी जुळत होतं आणि शंका यायला जागाच नव्हती, मला त्या पोराच्या मेहनतीचं फार वाईट वाटलं. खऱ्या संख्येचे अवयव ११ × १७ × ७३ × १०१ × १३७ × ५८८२३५३, विभाजक ६४, आणि बेरीज १६, पण संख्या विषम, म्हणजे हर्षद नाहीच. मी आधी चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अंक असं लिहितो, अंक मोठ्याने मोजतो आणि मगच पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडतो, तिथे पूर्णांक कितीही लांब चालतो.

दुसरी चूक घाईची. २, ३, ५, ७, ११, १३ ने भाग गेला नाही की लगेच "मूळ संख्या आहे" म्हणून मोकळे! ३००३१ ला या सहाही संख्यांनी भाग जात नाही, पण ती ५९ × ५०९ आहे. हाताने भाग देऊन तपासताना वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्याच लागतात, ज्यांना पाच मिनिटांत उत्तर हवंय त्यांनी अशी मोठी संख्या हातात घेऊच नये. उलट काहीजण निम्म्यापर्यंत तपासत बसतात, तेही फुकट, ५८८२३५३ साठी २४२५ च्या पुढे जायची गरज नाही.

७, ११, १३ ची एकत्र कसोटी लावताना उजवीकडून तीनतीन अंकांचे गट पाडून ते आलटून पालटून अधिक-वजा करतात, येणाऱ्या उत्तराला ज्याने भाग जातो त्याने संख्येलाही जातो. आपल्याकडे मुलं लाख-कोटीचे स्वल्पविराम बघून दोनदोनचे गट पाडतात. आधी स्वल्पविराम काढून टाका. आपल्या सोळा एकांना १११ − १११ + १११ − १११ + १११ − १ = ११० येतं, म्हणजे ११ ने जातो, ७ आणि १३ ने नाही.

विभाजक मोजताना मूळ अवयवांच्या प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि मग ते आकडे गुणा, नाहीतर ३६०३६० चे १९२ च्या जागी ६ येतील.

१ मूळ संख्या नाही. ९१ सुद्धा नाही, ७ × १३.

शेवटी अवयव परत गुणून बघाच. मी निदान एवढं तरी करतो, प्रत्येक अवयवाच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची, ते आकडे गुणायचे, गुणाकाराचीही तशीच बेरीज करायची. सोळा एकांच्या अवयवांचे असे ७ येतात आणि खुद्द संख्येच्या अंकांची बेरीज १६, तिचेही १ + ६ = ७. जुळलं म्हणजे बरोबरच असं नाही, पण जुळलं नाही तर नक्की चुकलंय.