कारूला जायच्या आधी हे कुणी सांगितलं असतं तर

माझं गाव नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर. खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, पण तिच्या अँटेना आम्हाला कधी नवलाच्या वाटल्याच नाहीत. टोमॅटोच्या बांधावर उभं राहिलं की लांबवर एखादी दिसायची. २८ फेब्रुवारीला तिथे विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरायचं, शाळेतून गाडीभर पोरं जायची आणि परत येताना सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न: एवढ्या जाळीतून दिसतं तरी काय? त्या प्रश्नामागे लागून मी बॉनला रेडिओ खगोलशास्त्रात पीएच.डी. केली आणि नंतर दोन वर्षं केपटाऊनला काढली. हल्ली सुट्टीत घरी आलो की ओळखीपाळखीतून मुलंमुली येतात. "दादा, जर्मनीपर्यंत ठीक, पण तिथून आफ्रिकेत कशाला?" उत्तर देता देता चहा तीनदा होतो. म्हणून लिहूनच काढतोय.

सुरुवात माझ्या फजितीपासून. बॉनला जाऊन चारेक महिने झाले होते. केपटाऊनच्या लोकांबरोबर ऑनलाईन बैठक होती आणि मी मोठ्या ऐटीत बोलून गेलो, "तुमच्या साईटवर आमचा जो टेलिस्कोप आहे..." पलीकडे एक इंजिनियर बाई होत्या, कित्येक वर्षं त्याच कामात मुरलेल्या. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "साईट आमची आहे. टेलिस्कोपही आमचाच आहे. रिसीव्हर तुमचे आहेत, आणि चांगले आहेत." बैठक पुढे सरकली, मी तिथेच राहिलो.

पैसा नि अक्कल युरोपची, मोकळी जमीन आफ्रिकेची, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. तुमच्याही असेल तर आधी ते पुसा. तो टेलिस्कोप, मीरकॅट, म्हणजे रेडिओ लहरी पकडणाऱ्या ६४ डिश, प्रत्येकी १३.५ मीटर व्यासाची, दक्षिण आफ्रिकेच्या कारू नावाच्या कोरड्या पठारावर, कार्नार्व्हन गावापासून सुमारे ९० किलोमीटरवर. १३ जुलै २०१८ ला उद्घाटन झालं. खर्च मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी तिजोरीतला, आखणी-बांधणी तिथल्याच इंजिनियरांनी पुढाकार घेऊन केलेली. आधी २० डिशच्या 'कॅट'चा (कारू ॲरे टेलिस्कोप) बेत होता. आकडा वाढला तेव्हा आफ्रिकान्समधला 'मीर', म्हणजे 'आणखी', त्याच्या पुढे लागला. मीरकॅट नावाचा मुंगसाच्या कुळातला एक प्राणीही तिकडे मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करत असतो. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

मग जर्मन लोक तिथे काय करतात? बॉनच्या माक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेने १.७५ ते ३.५ गिगाहर्ट्झचे एस-बँड रिसीव्हर बनवून दिले, आणि पल्सार, म्हणजे गरागरा फिरत ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके देणारे न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिदाट गाभे), शोधणारे संगणक दिले. यातली संगणकांची गोष्ट मला जास्त आवडते. ६४ डिशचे सिग्नल जुळवून आकाशात एकाच वेळी शेकडो बारीक बीम, म्हणजे एकेका ठिकाणी रोखलेल्या नजरा, तयार करायचे आणि प्रत्येक बीममध्ये पल्सारची टकटक शोधायची, असं ते काम. त्यात डेटा इतका फुगतो की तो जसाच्या तसा जर्मनीला धाडणं शक्य नाही. दूध डेअरीपर्यंत टिकत नसेल तर शीतकरणाची टाकी गोठ्याजवळ आणावी लागते; तसे संगणकच कारूत नेऊन बसवले. चाळून उरलेलं तेवढं बॉनला येतं.

या जोडीने काय साधलं त्याचं उदाहरण देतो, कारण त्यात आपलं खोडदही आहे. कपोत तारकासमूहात एनजीसी १८५१ नावाचा बंदिस्त तारकागुच्छ आहे. त्यातला पहिला पल्सार आपल्या जीएमआरटीने शोधला, २००४ साली. त्यानंतर बरीच वर्षं तिथे दुसरा सापडला नाही. मग मीरकॅटने त्याच गुच्छात आणखी १३ शोधून काढले. त्यातल्या एका पल्सारचा जोडीदार सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट वस्तुमानाचा निघाला: न्यूट्रॉन तारा म्हणावा तर फार जड, कृष्णविवर म्हणावं तर फार हलकं. हे जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मी त्या शोधात नव्हतो, पण बातमी आली तेव्हा बॉनच्या माझ्या जर्मन मित्राला खोडद नकाशावर कुठे आहे ते दाखवल्याशिवाय राहवलं नाही.

आफ्रिकेत का, याचं दुसरं उत्तर भूमितीचं आहे. वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणींनी एकाच वेळी एकाच स्रोताकडे बघायचं, अणुघड्याळाच्या ठोक्यासह नोंद करायची आणि नंतर सगळ्या नोंदी एका जागी जुळवायच्या, याला व्हीएलबीआय म्हणतात. युरोपच्या जाळ्यासाठी ही जुळणी नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो गावी होते. दोन दुर्बिणींमधलं अंतर जितकं जास्त तितका बारीक तपशील दिसतो. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला हार्टबीस्टहुकची २६ मीटरची डिश आहे. १९६१ मध्ये नासाने ती अंतराळयानांशी बोलण्यासाठी उभारली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात नासा निघून गेली आणि डिश खगोलशास्त्राला मिळाली. युरोपच्या जाळ्यात ती असल्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर हजारो किलोमीटरचं होतं. अडचण एवढीच की मधे अख्खा खंड रिकामा. छोटी अंतरं आहेत, खूप मोठी आहेत, मधली नाहीत. चित्र उमटतं ते भोकं पडलेलं.

ते भोक बुजवायला घाना पुढे आला. अक्राजवळ कुंतुन्से इथे उपग्रहाद्वारे फोन जोडणारी ३२ मीटरची डिश होती. समुद्राखालून फायबरच्या केबल आल्या आणि तिचं काम संपलं. आमच्या जुन्नर तालुक्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. उपग्रहाशी संपर्क साधणारं आर्वीचं विक्रम भूकेंद्र आम्ही पाहिलंय. फरक असा की घाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या इंजिनियरांनी मिळून कुंतुन्सेच्या डिशला नवे रिसीव्हर, नवी नियंत्रणयंत्रणा बसवली आणि २०१७ मध्ये तिची रेडिओ दुर्बीण झाली. आफ्रिकेतल्या आणखी देशांत अशा डिश उभ्या करायचा बेत आहे. नामिबियात गाम्सबर्ग डोंगरावर मिलिमीटर लहरींची दुर्बीण नेण्याचं काम नेदरलँड्सच्या नायमेखन शहरातलं राडबाउड विद्यापीठ आणि नामिबिया विद्यापीठ मिळून करताहेत. कृष्णविवराचं छायाचित्र घेणाऱ्या जाळ्यात आफ्रिकेत एकही दुर्बीण नव्हती, त्यासाठी.

घानाला मी एका प्रशिक्षणवर्गात आठवडाभर शिकवायला गेलो होतो. ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेच्या पैशांतून 'डारा' नावाचा कार्यक्रम चालतो, लीड्स विद्यापीठ त्याचं नेतृत्व करतं; त्याबद्दल आधीच ऐकलं होतं, त्यामुळे वर्ग कसा असेल याची थोडी कल्पना होती. तरी पहिल्या दिवशी मी फूरिए रूपांतरावर (सिग्नल वेगवेगळ्या लहरींत फोडायचं गणित) दीड तास बोललो आणि समोरची मुलं सभ्यपणे ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी खडू ठेवून दिला आणि मेथॅनॉलची ६.७ गिगाहर्ट्झची वर्णपटरेषा दुर्बिणीच्या नोंदीतून काढायला बसवलं. तारे जन्मत असतात तिथे मेथॅनॉलचे मेसर, म्हणजे लेसरसारखे पण रेडिओ लहरींचे नैसर्गिक स्रोत, असतात, आणि त्यांची रेषा आलेखावर सुळक्यासारखी उठते. तो सुळका स्वतःच्या हाताने काढल्यावर वर्गाचा आवाज बदलला. जी९.६२+०.२० नावाचा असा एक स्रोत सुमारे २४४ दिवसांनी पुन्हा पुन्हा उजळतो. हे हार्टबीस्टहुकच्या त्या जुन्या डिशने वर्षानुवर्षं चिकाटीने बघितल्यामुळे कळलं. नव्या मुलांना मी हेच उदाहरण देतो. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायला रांग असते, २६ मीटरच्या डिशवर तुम्ही रोज बसू शकता.

आता कामाचं बोलतो. तुम्ही भौतिकशास्त्राच्या पदवीला असाल तर पुण्यातच सुरुवात होऊ शकते. जीएमआरटी चालवणारी एनसीआरए आणि आयुका या पुण्यातल्या दोन खगोलशास्त्र संस्था मिळून पदवीच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात, दोन्हीकडे सुट्टीत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रकल्पही असतात. मीरकॅटवरचं एक मोठं सर्वेक्षण, 'माल्स', आयुकातूनच चालवलं जातं. फ्रान्स, दक्षिण आफ्रिका सगळे त्यात आहेत. म्हणजे कारूच्या डेटावर काम करायला पुणे विद्यापीठाच्या आवाराबाहेर पडायचीही गरज नाही. पुढे पीएच.डी.साठी बॉन आणि कोलोन विद्यापीठांबरोबर माक्स प्लांकची संयुक्त शाळा आहे. आणि युरोपच्या व्हीएलबीआय जाळ्यावर वेळ मागायला तुम्ही युरोपीय असावं लागत नाही. प्रस्ताव वर्षातून तीनदा घेतात, १ फेब्रुवारी, १ जून, १ ऑक्टोबर. कल्पना चांगली असली आणि लिहिणं नीट असलं की झालं.

शिकायचं काय? लिनक्स, पायथन, आणि कंटाळा सहन करणं. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. माझ्या पहिल्या वर्षातला निम्मा वेळ 'फ्लॅगिंग'मध्ये गेला, म्हणजे डेटातून माणसाने केलेला गोंगाट खुडून टाकणं. मीरकॅटच्या एल-बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात विमानांचे ट्रान्सपाँडर, जीपीएसचे उपग्रह, मोबाईलच्या लहरी सगळे हजेरी लावतात. ६४ डिशच्या २०१६ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीत हा कचरा वेगळा दिसतो. आपोआप फ्लॅग करणाऱ्या प्रणाली आहेत, पण पहिले सहा महिने हाताने करा. मेथीची जुडी निवडल्यासारखं. नंतर एखादी प्रणाली चांगला सिग्नलही कचऱ्यात टाकत असेल तर तुमच्या लक्षात येईल. माझ्या ते तसंच लक्षात आलं, तीन आठवडे वाया गेल्यावर.

कारूला जायची संधी मिळाली तर सोडू नका. कार्नार्व्हन हे मेंढपाळांचं, आफ्रिकान्स बोलणारं, शांत गाव. तिथून आत जाताना फोन बंद करायचा, नुसता सायलेंट नव्हे. २००७ च्या एका कायद्याने त्या टापूला खगोलशास्त्रासाठी संरक्षण आहे. आपल्याला हे रोमांचक वाटतं. गावातल्या माणसाला मोबाईलच्या रेंजवर बंधन आलेलं आणि मेंढ्यांची कुरणं दुर्बिणीसाठी गेलेली दिसतात. एका दुकानदाराने मला सरळ विचारलं, "तुमच्या त्या ताऱ्यांनी आमच्या मुलांना काय दिलं?" मी शिष्यवृत्त्या, शाळा, तंत्रज्ञांच्या नोकऱ्या अशी यादी सुरू केली. त्याने ऐकून घेतलं आणि सुटे पैसे परत दिले. शाकाहारी असाल तर बरोबर काहीतरी न्या. मी शेंगदाण्याच्या चटणीवर चार दिवस काढले.

केपटाऊनला राहणं सोपं आहे. जर्मनीशी वेळेचा फरक उन्हाळ्यात शून्य, हिवाळ्यात एक तास, त्यामुळे बैठका सुखाच्या. घरी आईला फोन करायला साडेतीन तासांचं गणित. तिथे वीज जाण्याला इंग्रजीत 'लोडशेडिंग'च म्हणतात, हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. २०२३ मध्ये तर दिवसातून तीन-चारदा वीज जायची. माझे युरोपीय सहकारी हवालदिल व्हायचे, मी वेळापत्रक बघून आधीच वरण-भाताचा कुकर लावायचो.

एक कडू गोष्टही सांगतो. या सहकार्यातले बरेच पैसे तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पांतून येतात. प्रशिक्षण होतं, मुलं तयार होतात आणि त्यांच्या देशात खगोलशास्त्राची नोकरी नसते. काही टेलिकॉममध्ये जातात, काही डेटाच्या कामात. ते वाईट नाही, पण तेच ध्येय होतं असं भासवू नये. मी ज्या एका छोट्या प्रकल्पात होतो तिथे डेटा दक्षिणेतून यायचा आणि शोधनिबंधाचे पहिले लेखक बहुतेक उत्तरेतले असायचे. नाव घेत नाही. तुम्ही प्रकल्पात शिरताना दोन प्रश्न विचारा: प्रकल्प संपल्यावर यंत्र कोण चालवणार, आणि पहिला लेखक कोण होऊ शकतो? उत्तर गुळमुळीत आलं तर सावध राहा. आपण भारतीय मुलं यात मधल्या जागी असतो. दोन्हीकडचं ऐकू येतं, म्हणून कुणाचीच बाजू न घेता गप्प बसायचा मोहही होतो.

यापुढे काम वाढणारच आहे. एसकेए ही अनेक देश मिळून बांधत असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण; तिचा आफ्रिकेतला भाग १९७ डिशचा होणार, त्यात मीरकॅटच्या ६४ सामावल्या जातील. मुख्यालय इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँकला, बांधकामाचा समारंभ ५ डिसेंबर २०२२ ला झाला, भारतही सदस्य आहे.

शेवटी कागदपत्रं. दक्षिण आफ्रिकेच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला पोलिसांचा दाखला लागतो, ते काम आधी सुरू करा. घानाला जायचं तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टला रबर लावून ठेवा, परत येताना मुंबई विमानतळावरही ते मागतात. माझं चेक-इनच्या बॅगेत होतं.