बोटीचं इंजिन दहा मिनिटांत बंद पडतंय? कार्बोरेटर नंतर खोला

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-दूधगंगा एक झाल्या तेव्हा बोट काय चीज असते ते आमच्या चिकोडी भागात सगळ्यांना कळलं. मी त्याच्यानंतरच ह्या लायनीत आलो. ओबीएमची, म्हणजे बोटीच्या मागे लावायच्या इंजिनाची (आउटबोर्ड मोटर) माहिती तुम्हाला असेलच, म्हणून मी फसलो तेवढंच सांगतो.

कल्लोळ गावच्या काठावर २५ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन. एका दोरीत स्टार्ट, दहा मिनिटं झकास, मग घरघर करून बंद. वल्ही मारत काठाला यायचं, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलायचा, त्यातलं जेट म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक साफ, पेट्रोल बघायचं, दोरी ओढायची, की परत चालू! मला वाटायचं जमलं. असं तीनदा. घाईत जेटमध्ये तार घातली ती वेगळीच, त्याने भोक मोठं होतं, व्हिडिओत कोणी दाखवलं तरी करू नका.

शेवटी मिस्त्रीमामा आले. "काय करूलास रे? बल्ब बघितलास काय?"

टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपमधला रबरी बल्ब, जो हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलतात, तो चपटा झाला होता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद! पिकअपमधून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून मीच आवळलेला.

आता हे नीट समजून घ्या. इंजिन पेट्रोल ओढतं तेवढी हवा टाकीत आली पाहिजे, नाही आली तर आत व्हॅक्यूम होतो आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढवत नाही. मग तुम्ही पेट्रोल बघायला झाकण उघडता, हवा आत जाते, इंजिन चालू होतं आणि क्रेडिट मिळतं कार्बोरेटरला. मी तीन दिवस झाकणानेच रिपेअर करत होतो, कळलंच नाही. संशय आला तर इंजिन बंद पडल्या पडल्या झाकण जरा सैल करा, फुस्स करून हवा आत गेली की चोर सापडला.

स्क्रू उघडा असूनही बल्ब चपटा होत असेल तर टाकीतली जाळी तुंबलेली असणार. बल्ब कितीही दाबून कडक होत नसेल तर आधी तो त्याच्यावरचा बाण वर करून उभा धरा, आडवा धरून दाबणारे लय बघितलेत. तरी नाही झाला तर कनेक्टरचा ओरिंग (रबरी रिंग), क्लिपा, पाईप बघा, कुठूनतरी हवा ओढतोय. इंजिन मरायला लागल्यावर बल्ब दाबला आणि जीव आला तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो.

पेट्रोलमध्ये पाणी असेल तर फिल्टरच्या वाटीत तळाला वेगळं दिसतं. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी धरायची सवय आहे, पावसाळ्याआधीचं शिल्लक पेट्रोल तसंच वापरू नका. आणि बिडी लांब ठेवा, हे पण सांगावं लागतं.

घाबरू नका, निम्म्या भानगडी टाकी ते बल्ब एवढ्यातच मिटतात असा माझा अनुभव. मी तर त्या स्क्रूला वैनीचं लाल नेलपेंट लावून ठेवलंय. तरी मागच्या पावसाळ्यात एकदा विसरलोच, पण ह्यावेळी पाना काढला नाही.