भंडारदरा ते हरिश्चंद्रगड: तंबूतल्या दोन रात्री कशा आखाव्यात

जंगलात तंबू ठोकून राहायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं ताडोब्याचं. पण व्याघ्र प्रकल्पात आपला तंबू आपल्या मर्जीने लावता येत नाही. दिवसा जिप्सीतून फिरायचं आणि अंधार पडायच्या आत बाहेर यायचं, एवढंच आपल्या हातात. तंबूतच झोपायची हौस असेल तर अकोले तालुक्यातला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर गाठा. मुंबई, पुणे, नाशिक तिन्हीकडून सोयीचा आहे आणि गावकऱ्यांना पाहुण्यांची सवय आहे.

आधी यादी छाटा. दोन दिवसांत कळसूबाई (१६४६ मीटर), सांदण दरी, रतनगड आणि हरिश्चंद्रगड असं सगळं कोंबणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या आठवणीत फक्त गाडीची सीट राहते. पहिली रात्र भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी, दुसरी हरिश्चंद्रगडावर किंवा पायथ्याच्या पाचनईत. एवढं पुष्कळ झालं.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात हा मुलूख देखणा असतो, पण गडावरचा वारा आणि धुकं तंबूला उभं राहू देत नाही. तेव्हा गावात घरी राहावं. मे अखेरीस काजवे पाहायला भंडारदऱ्याला झुंबड उडते. गेलातच तर गाडीचे दिवे आणि मोबाईलची टॉर्च बंद ठेवा, कारण काजवा मादीला खुणावतो तो त्या मिणमिणत्या उजेडानेच.

मुंबईहून कसारा, घोटी करत शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याला यायचं. इथलं विल्सन धरण प्रवरेवर आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. जलाशयाच्या काठाने रस्ता रतनवाडीला जातो. तिथलं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहा, मग राजूरमार्गे पाचनई गाठा. पुण्याची मंडळी उलटा क्रमही धरू शकतात: आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ आणि पाचनई.

पाचनईत वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून पावती घ्या. गडावर मुक्काम करता येईल का, हे तिथेच स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर हुज्जत नको. एखाद्या घरच्या मावशींना विचारून अंगणात तंबू लावायचा आणि पहाटे चढायला लागायचं. रमतगमत अडीच-तीन तासांत माथा येतो. हो म्हणाले, तर दुपारी दोनच्या आत निघा, म्हणजे उजेड असताना जागा शोधता येईल.

सगळा खेळ जागेचा आहे. माझा पहिला तंबू मी मोठ्या कौतुकाने एका खोलगट, मऊ गवताच्या वाटीत लावला होता. वाऱ्यापासून आडोसा, गादीसारखी जमीन! रात्री दीडला अवकाळी सर आली आणि त्या वाटीचं तळं झालं. उरलेली रात्र देवळाच्या ओवरीत ओल्या मोज्यांवर बसून काढली. तेव्हापासून तंबू पिशवीतून काढण्याआधी मी त्या जागेवर पाच मिनिटं आडवा होतो. पाठीला टोचणारे खडे कळतात, उतार कळतो, वर वाळकी फांदी लोंबते आहे का तेही दिसतं. थोडा उतार चालेल, पण डोकं चढाकडे हवं. कोरडा ओढा टाळा, खोलगट भाग टाळा. कड्यांच्या कपारीत आणि मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ असतं; त्याच्या आसपास धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच.

गडाच्या पश्चिमेला तुटलेला कोकणकडा आहे; त्याच्या धारेवर तंबू लावून फोटो काढायचा मोह होतो. नका करू. कडा आत वळलेला आहे, दरीतला वारा तिथे खालून वर उसळतो, आणि रात्री झोपेत लघवीला उठलेल्या माणसाला चार पावलांचा अंदाज राहत नाही.

जागा ठरली की दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला करा. खुंट्या सरळ ठोकू नका; डोकं तंबूपासून लांब कललेलं ठेवून तिरप्या ठोका. इथला मुरूम इतका कडक की स्वस्तातल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या केळीच्या सालीसारख्या वाकतात, म्हणून चार-सहा लोखंडी सोबत ठेवा. कातळ असेल तर दोरी मोठ्या धोंड्याला गुंडाळून बांधा. वरचं कापड ताणलेलं हवं, आतल्या कापडाला चिकटता कामा नये. थंडी आहे म्हणून झरोके बंद केलेत, तर आपल्याच श्वासाची वाफ पहाटे थेंब होऊन कपाळावर पडते. लोक म्हणतात तंबू गळतो; बहुतेक वेळा गळत नसतो.

डिसेंबर-जानेवारीत कडाका असतो. स्लीपिंग बॅगइतकीच खालची मॅट महत्त्वाची, कारण निम्मी थंडी जमिनीतून येते. कानटोपी, झोपण्यापुरता कोरड्या कपड्यांचा वेगळा जोड, हेडटॉर्च. तंबूत कोळशाची शेगडी किंवा गॅस चुकूनही पेटवू नका. त्या धुरातला विषारी वायू नाकाला कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

जेवण गावातच सांगून ठेवा. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि वर कच्चा कांदा. हे सोडून गडावर नूडल्स शिजवणाऱ्यांचं मला कोडं वाटतं. पाणी माणशी तीन लिटर खालूनच घ्या. वर कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी असतं, पण ते उकळून प्या, आणि त्यात साबण, भांडी, पाय काही घालू नका. खाऊ बॅगेत घट्ट बांधा. माकडांना चेन उघडता येते.

संध्याकाळ कोकणकड्यावर घालवा, पण धारेजवळ उभं न राहता पोटावर झोपून खाली पाहा. सकाळीही पुन्हा या. सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं, असं जुळलं तर समोर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. याला इंद्रवज्र म्हणतात. मला ते अजून दिसलेलं नाही. त्याबदल्यात गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत जा: मोठी पिंड, चहूबाजूंनी बर्फगार पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत.

रात्री बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच पाय घाला, विंचवाला आतली ऊब आवडते. अंधारात टॉर्चशिवाय चालू नका. फुरसं हा विषारी साप दगडमातीत मिसळून जातो. साप चावलाच तर चिरा नको, आवळून बांधणं नको, मंत्र नको. माणसाला हलू न देता उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन लावा. गडावर रेंजचा भरवसा नसतो, म्हणून फोन कुठे लागतो ते वर जाण्याआधीच गावकऱ्यांना विचारून ठेवा.

शेकोटी गवताळ पठारावर नाहीच. जानेवारीनंतर तिथलं गवत कागदासारखं वाळतं आणि एक ठिणगी डोंगराची अख्खी सोंड काळी करते. सगळा कचरा, लिंबाच्या सालींसकट, खाली आणा.

घरी पोचलात की अंघोळीच्या आधी तंबू गच्चीत पसरा. दवाने ओला तंबू तसाच गुंडाळून माळ्यावर टाकला, तर पुढच्या खेपेला उघडताना बुरशीचा वास आणि काळे ठिपके. तळाच्या शिवणी उलट्या करून नीट वाळवा, खुंट्या मोजा. माझी एक नेहमी कमी भरते.