अठ्ठेचाळीस तासांच्या हॅम रेडिओ स्पर्धेत लक्ष कसे टिकवावे

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ, आणि त्याच्या स्पर्धेत ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधून त्यांची नोंद करायची असते. अँटेना, लॉगिंगचे (संपर्क नोंदवण्याचे) सॉफ्टवेअर आणि नियमांचे वाचन झालेले आहे, असे मी धरून चालतो. ‘मन एकाग्र ठेवा’ हा नेहमीचा सल्ला मात्र बाजूला ठेवावा, कारण ४८ तास कोणाचेच मन एकाग्र राहत नाही. ते भरकटणारच, भरकटले हे किती लवकर ध्यानात येते, एवढेच आपल्या हाती असते.

स्पर्धेपूर्वीच्या तीन-चार रात्री पूर्ण झोप घ्यावी. हेडफोनचा आवाज ऐकू येईल इतपतच ठेवावा.

पहिला दिवस उत्साहात निभावतो. खरी अडचण दुसऱ्या रात्री तीन ते पाचच्या दरम्यान येते, आणि तिथे मी अनेक वर्षे फसलो. तासाला साठ संपर्कांवरून गती सात-आठवर उतरलेली असते, सीक्यू, म्हणजे ‘कोणी आहे का’ ही हाक, आपोआप वाजत राहतो, डोळे उघडे असतात आणि कान मिटलेले. कोणी उत्तर दिले की मी कॉलसाइनची, म्हणजे स्टेशनच्या ओळख-संकेताची, शेवटची दोन अक्षरे ऐकत असे आणि सॉफ्टवेअरने सुचवलेल्या यादीतले पहिले नाव निमूटपणे स्वीकारत असे. थकलेला मेंदू जे ऐकले ते नव्हे, तर जे अपेक्षित होते ते लिहितो. सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धेत चुकीच्या कॉलसाइनचा संपर्क तर बाद होतोच, शिवाय त्याच्या दुप्पट गुणांचा दंडही बसतो. म्हणजे डुलकीतली एक नोंद तीन संपर्कांचे गुण खाते.

म्हणून त्या वेळी आपोआप वाजणारा सीक्यू बंद करावा, सुचवण्यांची खिडकी झाकावी आणि बँडच्या (वारंवारतांच्या पट्ट्याच्या) एका टोकापासून डायल हाताने फिरवत स्वतः स्टेशने शोधावीत. प्रत्येक कॉलसाइन पूर्ण ऐकल्याशिवाय एकही अक्षर टंकू नये. हात चालू राहिला की मनही बरेचसे जागे राहते. सिग्नल स्वच्छ असूनही तेच कॉलसाइन तिसऱ्यांदा विचारावे लागले, तर दोष आयनावरणाला, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या थराला, देऊ नये. उठावे आणि झोपावे.

झोप साधारण ९० मिनिटांची घ्यावी आणि गजर हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. ‘दहा मिनिटे खुर्चीतच डोळे मिटतो’ म्हणणाऱ्यांपैकी मीही होतो, आणि ४० व ८० मीटरच्या बँडवर सूर्योदयाच्या सुमारास दूरची स्टेशने मिळण्याची संधी मी त्याच खुर्चीत गमावली आहे. झोपेची वेळ ठरवताना ही संधी मोकळी ठेवावी. झोपायच्या आधीच्या चार-पाच तासांत कॉफी टाळावी, कारण तेवढ्या वेळानंतरही तिच्यातले जवळजवळ निम्मे कॅफीन शरीरात उरलेले असते. उठल्यावर पहिली पंधरा मिनिटे पाइलअप, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी हाक मारण्याची गर्दी, घेऊ नये. तोवर मेंदू पुरता जागा झालेला नसतो.

डब्ल्यूपीएक्स या दुसऱ्या स्पर्धेत एकट्या ऑपरेटरला ४८ पैकी ३६ तासच स्टेशन चालवता येते आणि प्रत्येक विश्रांती किमान ६० मिनिटांची असावी लागते. या विश्रांतीचे वेळापत्रक आधीच कागदावर लिहावे, कारण रात्री तीनला केलेला कोणताही हिशेब विश्वासाचा नसतो.

इतरांचे थेट गुण दाखवणारे पान बंदच असावे.

त्याच कागदावर, मन भरकटल्याचे लक्षात येताच वेळेसह एक रेघ ओढावी. पुढच्या स्पर्धेत झोप कुठल्या तासाला घ्यायची, हे त्या रेघांवरून ठरवावे.