साध्या जावा प्रोग्रॅममधून क्यूला कनेक्ट कसं व्हायचं: जेएनडीआय लुकअप आणि अडकायच्या जागा

अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या आत कोड चालत असेल तर क्यू (म्हणजे मेसेज ओळीने साठवून ठेवणारी रांग) मिळवायला काही कष्ट नाहीत, एक अ‍ॅनोटेशन टाकलं की सर्व्हर स्वतःच आणून हातात देतो. पण तुमचा प्रोग्रॅम बाहेर असेल, म्हणजे नुसती मेन मेथड, रात्री क्रॉनवर चालतो, सीएसव्ही वाचतो आणि त्यातल्या ऑर्डरी क्यूवर टाकतो, तर हे सगळं स्वतः करावं लागतं आणि बहुतेक जण इथेच दोन दोन दिवस घालवतात. मीही घालवलेत, म्हणून नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. यात दोन वेगळी कामं आहेत. पहिलं लुकअप, म्हणजे जेएनडीआय (नावावरून वस्तू शोधून देणारी जावाची सोय) वापरून डिरेक्टरीला नाव सांगायचं आणि तिच्याकडून कनेक्शन फॅक्टरी, म्हणजे कनेक्शन बनवून देणारं ऑब्जेक्ट, घ्यायची. दुसरं खरं कनेक्शन, म्हणजे त्या फॅक्टरीत जो पत्ता लिहिलाय तिथे जाऊन ब्रोकरशी, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या सर्व्हरशी, बोलायचं. पत्ता मिळाला म्हणजे दार उघडलं असं होत नाही ना, तसंच आहे हे. एरर आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही लुकअपच्या ओळीवर आली का क्रिएट-कनेक्शनच्या ओळीवर? निम्मा शोध तिथेच संपतो.

सुरुवात अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्लासिक या ब्रोकरवर करा, कारण लॅपटॉपवर पाच मिनिटांत चालू होतो. डाउनलोड करा, अनझिप करा, बिन फोल्डरमध्ये जाऊन 'अ‍ॅक्टिव्हएमक्यू कन्सोल' ही कमांड द्या, झालं. ब्रोकर ६१६१६ पोर्टवर ऐकतो आणि ब्राउझरमधला कन्सोल ८१६१ वर. ६ सिरीज घेतली तर जावा १७ लागतो. मेव्हनमध्ये अ‍ॅक्टिव्हएमक्यू-क्लायंट ही एकच डिपेंडन्सी पुरते, पण तिचं व्हर्जन ब्रोकरच्याच सिरीजचं ठेवा.

आता फाईल. सोर्स-मेन-रिसोर्सेस मध्ये जेएनडीआय.प्रॉपर्टीज नावाची फाईल करा, नाव अगदी हेच, सगळं स्मॉल, आणि कुठल्याही पॅकेजच्या फोल्डरमध्ये टाकू नका, क्लासपाथच्या मुळाशीच हवी. इथे सोयीसाठी नावं देवनागरीत देतोय, टाईप अर्थात रोमनमध्ये करायची:

जावा.नेमिंग.फॅक्टरी.इनिशिअल = ऑर्ग.अपाचे.अ‍ॅक्टिव्हएमक्यू.जेएनडीआय.अ‍ॅक्टिव्हएमक्यूइनिशिअलकॉन्टेक्स्टफॅक्टरी
जावा.नेमिंग.प्रोव्हायडर.यूआरएल = टीसीपी://लोकलहोस्ट:६१६१६
क्यू.ऑर्डर्स = दुकान.ऑर्डर्स

तिसऱ्या ओळीत लोक गोंधळतात. डावीकडे 'क्यू.' नंतर जे आहे ते लुकअपचं नाव, उजवीकडचं ते ब्रोकरवरचं खरं नाव. कोडमध्ये तुम्ही 'ऑर्डर्स' म्हणायचं, ब्रोकरवर मेसेज 'दुकान.ऑर्डर्स' मध्ये पडणार. उद्या खरं नाव बदललं तर फाईल बदला, कोडला हात लावायची गरज नाही, आणि जेएनडीआयचा सगळा फायदा मला विचाराल तर हाच आहे. फाईलमध्ये लिहायचा कंटाळा असेल तर लुकअप करताना 'डायनॅमिकक्यूज/' लावून पुढे खरं नाव दिलं तरी चालतं, ट्रायल घ्यायला ठीक आहे, कायमचं मात्र नको.

कोडचा क्रम असा. नवीन इनिशिअलकॉन्टेक्स्ट बनवा, कंसात काही न देता, तो फाईल आपोआप वाचतो. त्यावर 'कनेक्शनफॅक्टरी' नावाने लुकअप करा, सी आणि एफ कॅपिटल, हे नाव अ‍ॅक्टिव्हएमक्यू स्वतःच देतो, फाईलमध्ये लिहावं लागत नाही. मग 'ऑर्डर्स' चा लुकअप, तो डेस्टिनेशन मध्ये घ्या. फॅक्टरीवर क्रिएट-कनेक्शन, त्यातून क्रिएट-सेशन, फॉल्स आणि ऑटो-अक्नॉलेज देऊन, सेशनमधून प्रोड्यूसर, टेक्स्टमेसेज बनवून सेंड. मग कन्सोलवर क्यूज च्या पानावर जाऊन बघा, 'दुकान.ऑर्डर्स' दिसेल आणि पेंडिंगमध्ये १ दिसला की पहिला टप्पा झाला.

वाचणाऱ्या बाजूला क्रम तोच, फक्त प्रोड्यूसर ऐवजी कन्झ्युमर, आणि एक ओळ जास्तीची, कनेक्शनवर स्टार्ट. ही विसरली की एरर येत नाही, काहीच येत नाही, रिसीव्ह वर प्रोग्रॅम बसून राहतो आणि कन्सोलवर मेसेज तसाच दिसतो. पाठवायला स्टार्ट लागत नाही, म्हणून प्रोड्यूसरचा कोड कॉपी करून कन्झ्युमर बनवणाऱ्याला हे हमखास होतं. आणि रिसीव्ह ला मिलिसेकंदांत टाईमआउट द्या, पाच हजार वगैरे, म्हणजे निदान नल घेऊन बाहेर तरी येईल.

आता एक लक्षात घ्या, अ‍ॅक्टिव्हएमक्यूची ही डिरेक्टरी खरी सर्व्हरवर नाहीये. तो कॉन्टेक्स्ट तुमच्याच जेव्हीएममध्ये त्या फाईलवरून बनतो, म्हणून ब्रोकर बंद असला तरी लुकअप यशस्वी होतो आणि आपटतो तो क्रिएट-कनेक्शनला. पत्त्याला 'फेलओव्हर:' लावलं असेल तर तिथेही आपटत नाही, प्रोग्रॅम नुसता उभा राहतो, कारण तो न थांबता पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतो. क्रॉनवरच्या जॉबला हे वाईट, सकाळी बघावं तर काल रात्रीचा अजून तिथेच. स्टार्टअपमॅक्सरीकनेक्टअटेम्प्ट्स हा पर्याय पत्त्यात घालून मर्यादा लावा.

वाईल्डफ्लाय या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरमध्ये मात्र डिरेक्टरी खरोखर सर्व्हरवर असते आणि तिथे ती दोन कामं अगदी डोळ्यांना दिसतात. सर्व्हर स्टँडअलोन-फुल.एक्सएमएल ने चालू करा, साध्या स्टँडअलोन.एक्सएमएल मध्ये मेसेजिंग नसतंच. क्लायंटच्या क्लासपाथवर बिन-क्लायंट फोल्डरमधलं जेबॉस-क्लायंट.जार, इनिशिअल फॅक्टरी ऑर्ग.वाईल्डफ्लाय.नेमिंग.क्लायंट.वाईल्डफ्लायइनिशिअलकॉन्टेक्स्टफॅक्टरी, पत्ता रिमोट+एचटीटीपी://होस्ट:८०८०. बाहेरच्या क्लायंटला फक्त 'जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड/' खालचीच नावं दिसतात आणि लुकअप करताना तो पुढचा भाग गाळून द्यायचा, म्हणजे नुसतं 'जेएमएस/रिमोटकनेक्शनफॅक्टरी'. क्यू एक्सपोर्टेडखाली बांधली नसेल तर नेमनॉटफाउंड येणार, कितीही वेळा स्पेलिंग तपासलं तरी.

युजरनेम-पासवर्डही दोनदा. एकदा डिरेक्टरीसाठी, जावा.नेमिंग.सिक्युरिटी.प्रिन्सिपल आणि क्रेडेन्शियल्स मध्ये, आणि परत क्रिएट-कनेक्शनच्या कंसात. 'लुकअप झाला की, मग आता सिक्युरिटी एक्सेप्शन का?' याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

आणखी एक, यावर मी खूप वेळ घालवलाय. लुकअप झाला, पासवर्ड बरोबर, तरी कनेक्शन होईना. सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर, बांधलेला होता. असा पत्ता क्लायंटला देऊन उपयोग नाही, म्हणून सर्व्हर त्याच्याऐवजी स्वतःचं होस्टनेम फॅक्टरीत भरून पाठवतो आणि माझ्या मशीनला ते होस्टनेम माहीतच नव्हतं. मी आयपी देऊन लुकअप करत होतो त्यामुळे पहिलं काम व्यवस्थित होत होतं आणि शंका येत नव्हती. मिळालेली फॅक्टरी प्रिंट केली तेव्हा आतला पत्ता दिसला. तात्पुरतं होस्ट्स फाईलमध्ये नाव टाका, कायमचं म्हणजे सर्व्हरला खऱ्या पत्त्यावर बांधा.

ब्रोकर आयबीएम एमक्यू असेल तर प्रकार तिसराच. तिथे बऱ्याचदा डिरेक्टरी म्हणजे साधा फोल्डर असतो, फॅक्टरी कॉम.सन.जेएनडीआय.एफएसकॉन्टेक्स्ट.रेफएफएसकॉन्टेक्स्टफॅक्टरी, पत्ता 'फाईल:' ने सुरू होणारा, आणि त्या फोल्डरमध्ये जेएमएसअ‍ॅडमिन टूलने बनवलेली '.बाइंडिंग्ज' फाईल. नावापुढे टिंब आहे, म्हणून लिनक्सवर एलएस केलं तर दिसत नाही आणि कॉपी करताना नुसता स्टार दिला तर मागेच राहते. जार पण दोन वेगळे लागतात, एफएसकॉन्टेक्स्ट आणि प्रोव्हायडरयुटिल. पुढे कनेक्शनला २०५९ हा एरर कोड आला तर क्यू मॅनेजरपर्यंत (एमक्यूचा ब्रोकर) पोचतच नाही आहात, होस्ट, पोर्ट बघा, पोर्ट सहसा १४१४. २०३५ म्हणजे पोचलात पण परवानगी नाही, २०८५ म्हणजे त्या नावाची क्यूच तिथे नाही.

कुठलाही ब्रोकर असो, 'नोइनिशिअलकॉन्टेक्स्ट' एक्सेप्शन दिसलं तर फाईल सापडलेली नाही किंवा फॅक्टरीचा जार नाही, पॅकेज केलेला जार उघडून फाईल मुळाशी आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. क्लासकास्ट आलं तर बहुतेक वेळा जावाएक्स.जेएमएस आणि जकार्ता.जेएमएस या मेसेजिंगच्या जुन्या-नव्या पॅकेजांची सरमिसळ आहे. २०२० मध्ये जकार्ता ईई ९ ला पॅकेजचं नाव बदललं, अ‍ॅक्टिव्हएमक्यू ६ नवीन नाव वापरतो, जुना कोड जुनं, आणि दोन्हीकडे इंटरफेसचं नाव कनेक्शनफॅक्टरीच असल्यामुळे इम्पोर्टची ओळ बघेपर्यंत कळत नाही.

एका प्रोजेक्टवर तर आमचे मेसेज टेस्टच्या ब्रोकरवर जात होते आणि फाईलमध्ये पत्ता बरोबर होता! शेवटी सापडलं की क्लासपाथवरच्या एका जुन्या जारमध्ये दुसरी जेएनडीआय.प्रॉपर्टीज होती. जावा क्लासपाथवरच्या अशा सगळ्या फाईली वाचतो आणि एकाच गोष्टीला दोन किमती असतील तर आधी सापडलेली धरतो. तेव्हापासून मी महत्त्वाच्या गोष्टी हॅशटेबलमध्ये भरून इनिशिअलकॉन्टेक्स्टला कंसात देतो, त्या फाईलपेक्षा वरचढ ठरतात. शंका आली तर कॉन्टेक्स्टवर गेट-एन्व्हायर्नमेंट करून शेवटी काय धरलं ते छापा, फक्त त्यात पासवर्डही असतो तेव्हा लॉगमध्ये ठेवू नका.

आणि लुकअपचं नाव कधीही बाहेरून आलेल्या मजकुरातून बनवू नका, अगदी क्यूचं नाव युजरने निवडायचं असलं तरी आपल्या ठरलेल्या यादीतूनच घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीमध्ये जे झालं ते यानेच, लॉगमध्ये आलेल्या मजकुरातला एलडॅपचा (एक डिरेक्टरी प्रोटोकॉल) पत्ता जेएनडीआयने लुकअप केला आणि परक्याच्या सर्व्हरवरचा कोड आत येऊन चालला.

शेवटी कनेक्शन फायनलीमध्ये बंद करा. सेशन आणि प्रोड्यूसर त्याच्याबरोबर बंद होतात, कॉन्टेक्स्ट मात्र वेगळा बंद करावा लागतो. कनेक्शन उघडं राहिलं तर मागचे थ्रेड चालूच राहू शकतात, मेन संपली तरी जेव्हीएम मरत नाही आणि दुसऱ्या दिवशी पीएस मारला की तुमच्याच जॉबच्या दोन प्रोसेस शेजारी शेजारी दिसतात.