जुन्या पेन्शनवर वाद घालताय? मग हे आधी वाचा, आणि मत बाद होऊ देऊ नका

स्टाफरूममध्ये जुन्या पेन्शनचा (निवृत्तीनंतर शेवटच्या बेसिकच्या म्हणजे मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा) विषय निघाला की पाच मिनिटांत आवाज चढतात आणि पटत कुणालाच नाही. म्हणून घोषणेपासून नाही, तारखेपासून सुरू करा. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. भरतीची जाहिरात त्याआधीची आणि नेमणूक नंतरची असेल तर २०२४ मध्ये एकदाच पर्याय दिला होता, त्यामुळे समोरचा नक्की कुठल्या गटातला ते आधी विचारून घ्या.

मग आकडे मांडा. शेवटचं बेसिक ६०,००० धरा, जुन्यात ३०,००० आणि वर महागाई भत्ता, तो वाढत राहणार. एनपीएसमध्ये, म्हणजे जुनीच्या जागी आलेल्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, दरमहा पगारातून तुमचे १० टक्के, सरकारचे १४, रिटायर झाल्यावर ६०% पर्यंत रक्कम हातात आणि किमान ४०% ची अ‍ॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा मिळणारी पेन्शन, ती किती बसेल हे बाजारावर आणि ती सहसा महागाई भत्त्यासोबत वाढत नाही. खरी भीती हीच आहे, लोक ती नीट सांगतच नाहीत. केंद्राच्या यूपीएसमध्ये (एकीकृत पेन्शन योजना) २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मं मिळतं, पण कर्मचाऱ्याचे १० टक्के कापले जातातच.

समोरून तिजोरीचा प्रश्न येणार, तो टाळू नका प्लीज. जुनी लावली तर आज सरकारचे १४ टक्के वाचतात आणि बिल येतं वीस-पंचवीस वर्षांनी, ते कोण भरणार याचं उत्तर आपल्याकडे हवं. आमदारांना पेन्शन मिळते मग आम्हाला का नाही, हा संताप मला शंभर टक्के मान्य आहे, पण तिजोरीच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आता निवडणूक, कारण पेन्शनच्या नावाने मतं मागायला उमेदवार येणारच. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या, ७ पदवीधरांच्या. शिक्षक मतदारसंघाच्या मतदार यादीत नाव घालायला फॉर्म १९, गेल्या ६ वर्षांत किमान ३ वर्षं माध्यमिक किंवा त्यावर शिकवलेलं हवं. म्हणजे झेडपीच्या प्राथमिक गुरुजींना तिथे मतच नाही, आणि पेन्शन गेलेले किती जण प्राथमिकचेच आहेत! त्यांनी पदवी असेल तर फॉर्म १८ भरून पदवीधरमध्ये नाव घालावं, १ नोव्हेंबरला पदवी मिळून ३ वर्षं झालेली हवीत. यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, गेल्या वेळी नाव होतं म्हणून बसून राहू नका.

प्रचाराला येणाऱ्याला एकच विचारा, पैसा कुठून आणणार? आणि हाच प्रश्न विधानसभेच्या उमेदवारालाही विचारा, कारण धन विधेयक (सरकारी खर्च-कराचं विधेयक) परिषदेला फार तर १४ दिवस ठेवता येतं, चावी विधानसभेकडेच आहे.

परिषदेच्या मतपत्रिकेवर पसंतीच्या नावासमोर १, मग हवं तर २, ३, फक्त आकडे. टिक, सही, 'एक' असं अक्षरात लिहिलं की मत बाद. आणि पेन केंद्रावर देतात तोच वापरायचा.