मोशन कॅप्चर: हिरवी पट्टी दिसली म्हणून हुरळू नका

मी गेट लॅबमध्ये काम करते असं सांगितलं की नातेवाइकांना इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षाच आठवते. ही ती ‘गेट’ नव्हे, इंग्रजीत गेट म्हणजे चाल. माणूस कसा चालतो हे कॅमेऱ्यांनी मोजायची, म्हणजे मोशन कॅप्चरची, ही लॅब. गुडघ्याचे पेशंट येतात, सेरेब्रल पाल्सीची मुलं येतात, अधूनमधून एखादा फास्ट बोलरही येतो. आणि दर जूनमध्ये नवे विद्यार्थी येतात. पोरं हुशार असतात, पण चुका दर जूनमध्ये त्याच. तेच तेच बोलून घसा बसला, म्हणून यंदा लिहूनच ठेवते आहे.

आधी यंत्र काय करतं ते थोडक्यात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती इन्फ्रारेड दिव्यांचं कडं असतं. अंगावर चिकटवायच्या गोळ्यांना, म्हणजे मार्करना, रिक्षाच्या मागे लावतात तसल्या रेडियमचं आवरण असतं. त्यात काचेचे अगदी बारीक मणी असतात. त्यामुळे प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. कॅमेऱ्याला माणूस दिसतच नाही, काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके तेवढे दिसतात. एकच ठिपका किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला की त्याची जागा काढता येते. तीन कॅमेऱ्यांना दिसला तर मला झोप नीट लागते. यंत्र व्हायकॉन कंपनीचं घ्या, क्वालिसिसचं घ्या नाहीतर ऑप्टिट्रॅकचं, तत्त्व हेच.

आता माझा सगळ्यात लाडका राग.

कॅलिब्रेशन हिरवं आलं, म्हणजे झालं

कॅलिब्रेशन म्हणजे मार्कर लावलेली टी आकाराची वाँड हातात घेऊन ती सगळ्या जागेत फिरवायची. वाँडवरच्या मार्करांमधलं अंतर सॉफ्टवेअरला ठाऊक असतं. त्यावरून ते कॅमेरे एकमेकांच्या मानाने कुठे आहेत ते काढतं. शेवटी चूक किती उरली ते दाखवतं, आणि आकडा लहान असला की हिरवी पट्टी येते. पोरं मोबाईलवर तिचा फोटो काढतात.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वाँडला दोनच मार्कर, आडव्या दांडीच्या दोन टोकांना, अंतर ६०० मिलिमीटर. एका संध्याकाळी ती कुणाच्या तरी हातून पडली आणि एका टोकाचा मार्कर तुटला. ज्याच्या हातून पडली त्याने भिऊन, कुणाला न सांगता, खणातला दुसरा मार्कर तिथे फिरवून बसवला. त्या मार्करचा दांडा जरा लांब होता. ६०० चे ६०९ झाले. सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता नाही, ते ६०० च धरून बसलेलं.

पुढचे अकरा दिवस कॅलिब्रेशन हिरवंगार. आकडे तर नेहमीपेक्षा चांगले, कारण त्या आठवड्यात वाँड फिरवणारी मुलगी फार नेटकी होती. आम्ही त्या काळात चौदा पेशंट मोजले. प्रत्येकाचं पाऊल दीड टक्का लहान, चाल दीड टक्का हळू. दीड टक्का डोळ्यांना दिसत नाही. लक्षात आलं ते निव्वळ योगायोगाने. ऑपरेशननंतर तपासणीला आलेल्या एका काकूंच्या दोन्ही पायांची लांबी टेपने नेहमीसारखी मोजली, आणि मार्करवरून आलेली लांबी दोन्ही पायांत सेंटिमीटरभर कमी. एक पाय चुकला असता तर मी मार्कर चुकीचा लावला म्हणून स्वतःलाच बोल लावला असता. दोन्ही पाय सारखेच चुकले, तेव्हा पोटात गोळा आला.

असं का होतं हे एकदा नीट समजून घ्या. तो हिरवा आकडा सांगतो की सगळ्या कॅमेऱ्यांचं आपापसात जमतंय. खोलीचा प्रत्येक कोपरा दीड टक्का आखडला तरी कॅमेऱ्यांचं आपापसात जमतच राहतं, कारण चित्रातले ठिपके तिथेच पडतात. चारही साक्षीदार एकच खोटं बोलत असतील तर उलटतपासणीत काही निघत नाही, तसंच.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते, हिला पद्धत वगैरे म्हणू नका. आमच्या लॅबच्या फरशीवर दोन बारीक खुणा कोरून घेतल्या आहेत, बरोबर २,००० मिलिमीटर अंतरावर. रोज कॅलिब्रेशन झालं की दोन्ही खुणांवर एकेक मार्कर ठेवायचा आणि स्क्रीनवर अंतर वाचायचं. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पेशंटला आत घेत नाही. त्या अकरा दिवसांत कुणी हे केलं असतं तर १,९७० च्या आसपास आकडा आला असता आणि पहिल्याच सकाळी सगळे जागे झाले असते. वेळ लागतो चाळीस सेकंद. ‘मॅडम, रोज कशाला?’ असं विचारणाऱ्याला मी त्या चौदा पेशंटना पुन्हा बोलावण्यासाठी केलेल्या फोनांबद्दल सांगते. आणि हो, वाँड पडली तर सांगा. मी ओरडत नाही. लपवलीत तर ओरडते.

कॅलिब्रेशनच्याच पोटातल्या दोन-चार गोष्टी इथेच उरकते. कॅमेरे चालू केल्या केल्या वाँड हातात घेऊ नका. ते तापेपर्यंत भिंग आणि सेन्सर किंचित हलत असतात. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, खाली जाऊन चहा पिऊन या. वाँड आरतीच्या ताटासारखी एकाच जागी ओवाळू नका, आणि माशा मारल्यासारखी जोरातही फिरवू नका. सावकाश इंग्रजी आठचा आकडा काढत, घोट्याच्या उंचीपासून डोक्यावरपर्यंत, कोपऱ्यांसकट. आणि जमीन आणि शून्य कुठे ते सॉफ्टवेअरला सांगणारा एल आकाराचा साचा ठेवताना खाली वाळूचा कण नाही ना, एवढं बघा.

मास्किंगचा सपाटा

कॅमेऱ्याला नको ते चमकताना दिसलं की सॉफ्टवेअरमध्ये तेवढा भाग झाकता येतो. याला मास्किंग म्हणतात. नवशिक्यांना हे बटण फार आवडतं. एकदा एका मुलाने पश्चिमेकडच्या खिडकीच्या उन्हावर मास्क टाकत टाकत एका कॅमेऱ्याचं एक तृतीयांश चित्र झाकून टाकलं. मग पेशंट त्या भागात आला की डाव्या घोट्याचा मार्कर गायब. तो म्हणाला, कॅमेरा खराब आहे. कॅमेऱ्याचा काय दोष? त्याच्या डोळ्यांवर हात तूच ठेवलास.

आधी चमकणारी वस्तू हटवा, झाका, काळा कपडा टाका. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यामुळे जाड पडदा लागतोच. सकाळी कॅलिब्रेशन करताना ऊन नव्हतं म्हणून दुपारी चारला येणार नाही असं होत नाही. समोरासमोरचे कॅमेरे एकमेकांचे दिवे बघत असतील तर त्यांना जरा वर-खाली करा. एवढं करून जे उरेल त्यावर मास्क.

पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे १८८० च्या दशकात माणसाची चाल टिपत होता, तेव्हा त्याच्याकडे मास्किंगचं बटण नव्हतं. त्याने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि मागे काळा पडदा ठेवला. फोटोत उरल्या फक्त पट्ट्या. दीडशे वर्षं होत आली, आणि आपण अजून पेशंटच्या बुटावरची रेडियमची पट्टी काढायला विसरतो.

आपल्याकडची यादी तर आणखी लांब. पैंजण, जोडवी, चष्म्याची दांडी, कुर्त्याच्या काठाची जर, पट्ट्याचं बक्कल. एका आजींनी जोडवी काढायला साफ नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. आम्ही त्यावर सर्जिकल टेप गुंडाळली, काम झालं. वाद घालत बसू नका, टेप जवळ ठेवा.

मार्कर कुठेही चिकटवणे

माझा दुसरा लाडका विषय. हाताला सवय व्हायला सहा महिने लागतात आणि कुणालाच सहा महिने द्यायचे नसतात.

मार्करवरून सांधे कुठे आहेत ते काढणाऱ्या प्लग-इन गेटसारख्या मॉडेलमध्ये दोन्ही पायांना आणि कमरेला मिळून १६ मार्कर लागतात. त्यातला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा आणि मांडीवरचा, हे दोघं मिळून गुडघ्याचा बिजागर कुठल्या दिशेला आहे ते ठरवतात. मांडीवरचा मार्कर एक सेंटिमीटर पुढेमागे झाला की तो बिजागर सात-आठ अंश सहज फिरतो. पुढे गंमत अशी होते की पाय उचलून पुढे टाकताना गुडघा साठेक अंश वाकतो, आणि त्या वाकण्याचा काही भाग ‘गुडघा आडवा वाकला’ म्हणून नोंदला जातो.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने रिपोर्ट आणून दिला. पेशंट तेवीस वर्षांचा, धडधाकट, मॅरेथॉन पळणारा. रिपोर्टनुसार प्रत्येक पावलाला त्याचा गुडघा अठरा अंश बाजूला वाकत होता. मी तिला विचारलं, ‘हा माणूस जिना चढून वर आला का?’ ‘हो मॅडम.’ ‘स्वतःच्या पायांनी?’ तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अठरा अंश आडवा वाकणारा गुडघा घेऊन माणूस अँब्युलन्समधून येतो. तिने आलेख काढला होता, रंग दिले होते, सरासरी काढली होती. फक्त आलेखाकडे माणूस म्हणून पाहिलं नव्हतं. सरळ-वाकडं वाकण्याचा आलेख आणि आडव्या वाकण्याचा आलेख एकाच तालात वर-खाली होत असतील, तर दोष बहुतेक वेळा पेशंटच्या गुडघ्यात नसून तुमच्या मार्करमध्ये असतो.

मी काय करते? हाड आधी बोटाने चाचपते. गुडघा दोन-तीनदा वाकवायला सांगते, म्हणजे मांडीच्या हाडाचा उंचवटा बोटाखाली नक्की सापडतो. मग पेशंटला उभं करते, कारण झोपून लावलेला मार्कर उभं राहिल्यावर कातडीबरोबर सरकतो. मग बॉलपेनने छोटा गोल काढते आणि मगच मार्कर. मेमध्ये घामाने मार्कर पडतोच, तो त्याच गोलात परत लावता येतो. स्पिरिटचा बोळा आधी फिरवा. लेगिंगवर, पँटच्या इलॅस्टिकवर मार्कर लावू नका. तुम्ही कापडाची चाल मोजाल. बोटांनी मार्करची गोळी धरू नका, बुडाशी धरा. तेलकट बोटांनी रेडियम मंद होतं, आणि एक मार्कर काही अगदीच स्वस्त येत नाही.

क्रिकेटवाल्यांनी तर हे दुप्पट मनावर घ्यावं. २००५ पासून बोलरच्या कोपराला १५ अंशांपर्यंत सरळ होण्याची मुभा आहे आणि चेन्नईच्या श्री रामचंद्रसारख्या आयसीसीची मान्यता असलेल्या केंद्रात ते मार्कर लावूनच मोजतात. चार अंशांची ढिलाई तिथे कुणाचं करिअर खाऊ शकते.

‘नंतर बघू’ वाले

मार्कर काही क्षण लपला की डेटात खिंडार पडतं आणि सॉफ्टवेअर ते भरून देतं. १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेम टिपताना, पाच-दहा फ्रेम असतील तर भरा, माझी हरकत नाही. टाच टेकण्याच्या ऐन क्षणी चाळीस फ्रेम गायब असतील आणि तुम्ही सुंदर वक्र रेषा ओढून भरल्यात, तर ती तुमची कादंबरी झाली. पेशंट अजून खोलीत आहे, त्याला परत चालायला सांगा. दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी डेटा दुरुस्त करायला दोन तास लागतात, आणि तरी तो खराच होत नाही.

फिल्टरचंही, म्हणजे डेटातली थरथर गाळणाऱ्या चाळणीचंही, तेच. चालण्याला ६ हर्ट्झ ठीक आहे म्हणून उडीलाही ६ हर्ट्झ लावू नका, जमिनीवर आदळण्याचा कळस छाटला जाईल.

आता बाकीच्या, भरभर.

फ्रेम रेट सगळ्यात वरचा ठेवायची हौस आवरा, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने चित्रच लहान होतं. चालण्याला १०० पुरतात, फास्ट बोलरला २५० च्या आसपास.

कॅमेऱ्यांच्या नेटवर्क स्विचला ऑफिसचं इंटरनेट जोडू नका. आणि त्या स्विचला यूपीएस द्या. कॉम्प्युटरला यूपीएस आणि स्विचला नाही, हे मी चार लॅबमध्ये पाहिलंय.

ट्रायपॉडच्या पायांभोवती फरशीवर लाल टेप लावा. झाडू मारणाऱ्या मावशींवर खापर फोडू नका, त्यांना टेप दिसली की त्या वळसा घालतात. तरीही जेवणानंतर पुन्हा कॅलिब्रेशन, निमूटपणे.

फोकस दिवसातून एकदा तरी डोळ्यांनी बघा. मार्कर गोल आणि कडा स्वच्छ दिसायला हवी, शंकरपाळ्यासारखी नको.

आणि ॲनिमेशनवाल्यांसाठी एक, कारण दरवर्षी कुणीतरी रात्री अकराला फोन करतं. तुमचं पात्र पाठीवर झोपून, छताकडे बघत, अगदी ऐटीत चालत असेल तर घाबरू नका, मार्कर बरोबर आहेत. व्हायकॉनमध्ये वरची दिशा झेड असते, ऑप्टिट्रॅकच्या मोटिव्हमध्ये वाय. तुमच्या सॉफ्टवेअरपैकी माया आणि युनिटी वाय मानतात, ब्लेंडर आणि अनरिअल झेड. एक्स्पोर्ट करताना अक्ष बदला, नाहीतर एक्सभोवती ९० अंश फिरवा. पात्र मुंगीएवढं झालं असेल किंवा स्क्रीनमध्ये मावत नसेल, तर ते मिलिमीटर आणि मीटरचं भांडण आहे. तेही एक्स्पोर्टच्या त्याच खिडकीत, दोन ओळी खाली सापडेल.